उशिरा जेवणारी गाडी

"गाडी चालवायची नाही, कागद बघायचे नाहीत, एजंटाला विचारायचं नाही. उद्या एजंट तीन गाड्या आणेल, त्यांतली चांगली कोणती, ते आमच्या जेवणाआधी सांगायचं!"

चिंचणगावच्या दौलतराव सरकारांनी हुकूम सोडला आणि शिदूआप्पा ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन सरकली. सरकारांचं राज्य कधीच विलीन झालं होतं, पण हट्ट विलीन करून घ्यायला कुणी आलंच नव्हतं. रोजचं त्यांचं फिरणं म्हणजे वाड्यापासून देवीचं देऊळ, तिथून डेअरी, मग तालुक्याची कचेरी. सगळं मिळून वीस किलोमीटर. तेवढ्याला विजेवरची छोटी गाडी पुरे आणि तीही वापरलेली, असं त्यांनी ठरवलं होतं. ते ठीकच होतं. अट मात्र बकऱ्यांमुळे आली होती.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी अशीच एक वापरलेली गाडी घेतली. चालवून बघितली तेव्हा वाऱ्यासारखी पळाली. कागदही चोख होते. आणि चौथ्या दिवशी भर बाजारात, बकऱ्यांच्या बाजारापाशीच, ती मान टाकून बसली. सरकारांना बकऱ्यांच्या टेंपोतून वाड्यावर यावं लागलं. वाटेत एका बोकडाने त्यांच्या फेट्याचा शेमला खाल्ला. तेव्हापासून चालवून बघणं बंद, कागद बंद, एजंटाच्या शपथाही बंद.

"चुकलास तर किल्ल्या ठेवायच्या आणि पागेमागची खोली सोडायची," सरकार म्हणाले. शिदूआप्पांची एकतीस वर्षांची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एका वाक्यात टांगणीला लागलं.

घरी येऊन आप्पा भाकरीकडे नुसते बघत बसले. त्यांची मुलगी सगुणा ग्रामपंचायतीचं पाणी सोडायची. गावातल्या कुठल्या आळीला कधी पाणी जायचं, ते तिच्या चावीवर ठरायचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आप्पा, गाडीला जेवायला घालू नको, असं म्हणालेत का सरकार?"

"तसं काय म्हणाले न्हाईत."

"मग जेवा तुम्ही. उद्या मी येते."

सकाळी बापू खैरमोडे एजंट ट्रकवरून तीन गाड्या घेऊन आला. तिन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. तिन्हींच्या काचेवर बॅटरीचा आकडा दहा टक्के, कारण विकायच्या गाडीत पदरची वीज भरणाऱ्यांतला बापू नव्हता. पहिली गाडी त्याने आरशासारखी चमकवून आणली होती. सगुणाने सरकारांना मुजरा केला आणि गाड्या चार्जिंगला लावायची परवानगी मागितली.

"लाव. पण चाक हललं तर खेळ संपला," सरकार म्हणाले.

पागेत चार्जिंगची एकसारखी तीन बटणं होती. सातच्या ठोक्याला तिन्ही गाड्यांना वायरी लागल्या आणि सगुणा समोरच्या दगडावर पदर खोचून बसली. ती काही बघेना, वाकेना, हात लावेना.

"ही गाडी निवडतेय का राखण करतेय?" बापूने माळ्याला विचारलं.

दहा वाजायच्या आतच पहिली गाडी शंभरावर गेली. बापूला राहवेना. "विचारू नका म्हणालात म्हणून गप्प होतो सरकार, पण बघा! किती चलाख गाडी! चहा संपेस्तोवर तय्यार!"

दुसरी बारा वाजता भरली. साडेबाराला सरकारांचं ताट वाढलं गेलं. आयुष्यात त्यांनी ही वेळ चुकवली नव्हती. पण तिसरी गाडी अजून पंच्याऐंशीवरच रेंगाळत होती आणि सगुणा दगडावरून उठली नव्हती.

"निकाल कधी?" सरकार कडाडले.

"तिचं जेवण होऊ द्या, सरकार."

"मग आम्हीही बसणार नाही!"

हट्टाला हट्ट भेटला. आमटी निवली, आचारी हळहळला. शेवटी दीड वाजता तिसरी गाडी भरली आणि सगुणा उठली.

"ही घ्या."

"ही?" सरकार ओरडले. "सगळ्यांत मंद?"

"सरकार, गावात एकशे चाळीस टाक्या माझ्या चावीवर भरतात. धार सगळ्यांना सारखीच. देशमुखांची टाकी पूर्वी अर्ध्या तासात भरायची. मग दहा मिनिटांतच वाहायला लागली. देशमुखीणबाई गावभर सांगत सुटल्या, आमच्याकडं लई जोर हाय पाण्याला! आणि दुपारी त्यांच्याच मोरीत ठणठणाट. झाकण काढलं तर आत गळ्यापर्यंत गाळ."

बापूचा हात आपोआप कपाळावर गेला.

"पहिलीच्या बॅटरीच्या पोटात जागाच उरली न्हाई, म्हणून ती लवकर भरली," सगुणा म्हणाली. "भरलेला तांब्याबी भरलेलाच असतो आन् भरलेला हंडाबी. आकडा तेवढंच सांगतो, सरकार."

सरकारांच्या मिशा थरथरल्या. हसू होतं की राग, ते कळेना. "निवड झाली. आता चाकं हलू देत. सिद्ध झाल्याशिवाय आम्ही ताटावर बसत नाही!"

पहिल्या आणि तिसऱ्या गाडीत चारचार माणसं कोंबली, एसीचा गारवा सुरू केला आणि तळ्याभोवतीच्या रस्त्याला फेऱ्या सुरू झाल्या. पहिली खुद्द बापूने हाकली, तिसरी आप्पांनी. पहिलीने सातवी फेरी कशीबशी गाठली आणि मान टाकली ती नेमकी बकऱ्यांच्या बाजारापाशी. बापू ती ढकलत वाड्यावर आला, तेव्हा आप्पा शांतपणे तिसरी गाडी सावलीत लावत होते. काचेवर आकडा होता एकावन्न.

सरकार चार वाजता ताटावर बसले. पाच भाकऱ्या झाल्या, सहावी मागवली, तरी उठायचं नाव नाही. आचारी घाबरून दारात उभा राहिला.

"सगुणे," सरकार घास तोंडात घेऊनच म्हणाले, "आम्ही पाऊण तास जेवतोय आणि अजून भरलो नाही. याचा अर्थ काय गं?"

"आत अजून गाळ न्हाई, सरकार!"

सरकार इतके हसले, की ठसका लागला आणि आचाऱ्याला तांब्या घेऊन धावावं लागलं. पाणी पिऊन होताच त्यांनी कारभाऱ्याला बोलावलं. पागेमागची खोली शिदूआप्पांच्या नावावर करायला सांगितली आणि सावलीतल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "लिही. ही गाडी आमच्यापेक्षा लवकर भरायला लागत नाही, तोवर ड्रायव्हर बदलायचा नाही!"