वावटळीशी फुगडी घालणारी भिवरा

ही गोष्ट कधीची, ते मला विचारू नका. आमच्या वारंगपेठेत तेव्हा पिठाची गिरणी नव्हती, घरोघरी जाती होती, आणि वारा माणसांत मिसळून राहत होता, एवढं पुरे. बाजाराच्या दिवशी वावटळी गल्लीतून हिंडायच्या, कुणाची टोपी पळवायच्या, तेल्याच्या दारात थांबून आत डोकवायच्या, असं म्हणतात. खोटं वाटत असेल त्यानं उठून जावं.

तर एक पाथरवट, जात्यांच्या झिजलेल्या दगडांना टाकी लावत, पेठेत आला. बरोबर त्याची पोर, भिवरा. तेरा-चौदाची असेल. आईविना वाढलेली, उन्हानं रापलेली, बोलणं आमच्याहून निराळं. बापाला पुढची गावं करायची होती. त्यानं पोरीला पेठेतल्याच लांबच्या नात्यातल्या आत्याकडं ठेवलं आणि "सुगी संपली की येतो" म्हणून निघून गेला. आत्या वाईट नव्हती. पण तिला राबायला हात हवे होते, बोलायला तोंड नको होतं. भिवरा दिवसभर शेळ्या राखायची आणि शेळ्यांशीच बोलायची.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. नवं खळं सारवून वाळलं की त्यावर आधी पोरींनी फुगडी घालायची, मग मळणीचे बैल शिरायचे. फुगडीची जोडी लहानपणीच ठरायची, आणि ठरली की ठरली. दुसरीचा हात धरायचा नाही. कोणत्या शहाण्यानं ही रीत काढली देव जाणे. नव्यानं आलेल्या पोरीनं काय करायचं, हे त्याच्या टाळक्यात आलं नाही.

भिवरा रोज तिन्हीसांजेला खळ्याच्या कडेला उभी राहायची. तेल्याची गजरा पण तिथंच बसून असायची, कारण तिची जोडीदारीण लग्न होऊन लांब सासरी गेली होती. एक दिवस भिवरानं धीर करून दोन्ही हात पुढे केले.

"येतीस का गं? एकच फुगडी."

"माझी जोडी हाय," गजरा म्हणाली.

"कुठाय?"

"येईल माहेरपणाला. तुला काय करायचंय? दगडफोड्याची तू, दगडाशी खेळ जा."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. भिवरानं हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी माळावर तिच्यासमोर एक वावटळ आली. आमच्याकडं वावटळ म्हणजे भूत. दिसली की पायातली वहाण काढून फेकायची. भिवराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आपले हात फुलीसारखे धरून पुढे केले, जोडीदारणीपुढे करतात तसे. वावटळ थांबली. मग तिनं हात धरले. आणि दोघींनी अशी फुगडी घातली की शेळ्या चरायच्या थांबल्या, असं म्हणतात.

मग ते रोजचंच झालं. भिवरा मनातलं सगळं बोलायची, वावटळ गरगरत ऐकायची. तिचं हसणं पेठेत ऐकू यायला लागलं. गजरानं ते ऐकलं आणि बघायला म्हणून माळावर आली. बघते तर भिवराचे पाय जमिनीपासून वीतभर वर. गजराला वाटलं, भूत पोरीला घेऊन चाललं.

"सोड तिला, मेल्या!" म्हणून तिनं वहाण भिरकावली.

वहाण बरोबर मधोमध गेली. धूळ मटकन खाली बसली. भिवराही बसली.

"मला वाटलं तुला न्यायला लागलंय," गजरा रडत म्हणाली.

"दगडाशी खेळ म्हणालीस. वाऱ्याशी खेळले, तर तेबी बघवलं नाही तुला?"

त्या दिवसापासून पेठेत पान हललं नाही. खळ्यांवर मळलेल्या ज्वारीच्या राशी पडलेल्या. माणसं उंच तिपाईवर चढून पाट्या ओतत होती, पण वाऱ्याशिवाय उफणणी कसली! दाणा आणि भूस एकाच जागी पडायचं. आणि एका सकाळी मावळतीकडून काळं आभाळ चढलं. गारांचं आभाळ. वर्षाची भाकरी उघड्यावर.

मग माणसं करतात तेच झालं. "त्या परक्या पोरीनं वारा बांधला. घाला तिला वेशीबाहेर!" आत्यानं सुद्धा मान खाली घातली. तेव्हा गजरा सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तिनं नाही. वहाण मी मारली. मला घाला बाहेर."

भिवरा खळ्यावर गेली, हात पसरून वाऱ्याला हाका मारल्या, एकटीच गरगरा फिरली आणि तोल जाऊन पडली. गजरानं तिला उठवलं आणि हात धरले.

"गजरे, तुझी जोडी हाय की गं!" तिची आई ओरडली.

"ती नांदतीय तिकडं सुखानं. मी किती दिवस बसू?" गजरा म्हणाली. मग भिवराला हळूच, "धरशील ना गं मला?"

भिवरानं घट्ट धरलं.

आधी नुसती धूळ उडाली. मग पदर उडाले. मग दोघी दिसेनात, नुसता भोवरा दिसायला लागला, आणि त्यांच्या हातांच्या गाठीतून वारा सुटला. भूस उडालं ते पिवळी रेघ होऊन वेशीपार गेलं. जुनी वावटळ पण त्यात येऊन मिसळली, असं म्हणतात. पोती घरात गेली आणि मग गारा पडल्या.

सुगी संपली, बाप आला, भिवरा गेली. नाही गेली, असं सांगणारेही आहेत. पण पाथरवटाची पोर, बापाबरोबर जाणारच. गजरा मात्र म्हातारी होईपर्यंत दरसाल पहिल्या वावटळीला हात पुढे करून माळावर उभी राहायची, आणि हसत परत यायची.

आता खळी गेली, मळणीयंत्र आलं. तरी ते सुरू व्हायच्या आधी आमच्या पोरी फुगडी घालतात. वावटळीला वहाण कुणी मारत नाही. आणि पेठेत नवी पोर राहायला आली, की त्याच दिवशी कुणीतरी जाऊन तिच्यापुढे हात करायचे. जोडी असो, नसो. ही भिवराची फुगडी.

परवा बँकेतल्या नव्या साहेबाची पोर मोबाइलात डोकं घालून ओट्यावर बसली होती. आमची नात तिच्यापुढे जाऊन हात करून उभी राहिली.

"मला येत नाही," ती पोर म्हणाली.

"पाय जुळव, हात सोडू नको. बाकीचं वारा बघतो."

माझं वाळत घातलेलं धोतर त्या दिवशी पार मारुतीच्या देवळापर्यंत उडत गेलं. मी हसत जाऊन घेऊन आलो.