दाणा माझा! मी नाही हटणार!

होती एक मुंगी. केवढी? तिळाएवढी.
नाव तिचं ठकी.
एवढीशी ठकी, पण राग केवढा! नाकाच्या शेंड्यावर!
मुंगीला नाक असतं का? ते काही मला माहीत नाही. राग मात्र होता.

एकदा ठकीला सापडला दाणा. डाळीचा दाणा. केशरी केशरी.
ठकी म्हणाली, "अहाहा! घरी बाळं भुकेली. दाणा नेईन, बाळांना देईन."
दाणा उचलला, डोक्यावर घेतला, निघाली.
तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत लागली बालवाडी. बालवाडीत होती सतरंजी. बाई बाई बाई, केवढी ती सतरंजी! चाललं तरी संपेना.
ठकी दमली. दाणा खाली ठेवला. "हुश्श!" म्हणाली.
तेवढ्यात वरून आली दोन बोटं.
टप! दाणा उचलला.
टच्च! दाणा मातीत टोचला.
गेला की हो दाणा!

कुणाची होती ती बोटं? गोदूची.
गोदू साडेतीन वर्षांची. दोन शेंड्या, एक लाल रिबीन. दुसरी रिबीन कुठे पडली कोण जाणे.
आज बालवाडीत मुलं मातीची अक्षरं करत होती. मथुराताई म्हणाल्या होत्या, "पाटी नको, पेन्सिल नको. माती घ्या, अक्षर वळा, वर डाळ टोचा. मग मला सांगा, अक्षर कुठलं. सांगेल त्याला माझ्या वहीत फूल!"
गोदूनं केला होता ग. एक आकडा, एक काठी, वर आडवी रेघ.
आणि आकड्याच्या टोकाला? ठकीचा केशरी दाणा!

ठकी चिडली. पाय आपटले. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा पाय आपटले!
"गोदू, गोदू, माझा दाणा दे."
गोदू म्हणाली, "नाही देत जा. दाणा काढला तर भोक पडेल. आधी ताई बघू देत माझं अक्षर, मग देईन."
ठकी म्हणाली, "बरं! ताईंकडे जाते. पण ऐकून ठेव.
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ठकी गेली ताईंकडे.
मथुराताई वही उघडून बसल्या होत्या. कानामागे पेन.
"ताई, ताई, गोदूचं अक्षर बघा ना."
ताई म्हणाल्या, "नाही बघत. सगळ्यांची अक्षरं एकदमच बघायची. त्या बारकूचं अजून व्हायचंय. आधी बारकू अक्षर वळू दे, मग बघेन."
ठकी म्हणाली, "बरं! बारकूकडे जाते. पण ऐकून ठेवा.
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ठकी गेली बारकूकडे.
बारकू गाल फुगवून बसला होता. बारकूला करायचा होता ट. पण त्यानं आधी केला साप. मग केला लाडू. मग केला परत साप. तोवर माती गेली वाळून!
"बारकू, बारकू, अक्षर वळ ना."
बारकू म्हणाला, "नाही वळत. माती कडक झालीये. आधी माती भिजू दे, मग वळेन."
ठकी म्हणाली, "बरं! मातीकडे जाते. पण ऐकून ठेव.
बारकू वळेना,
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

माती तिथेच होती. बारकूच्या मांडीपाशी. ठकीनं ठोकून पाहिली. टक टक, टक टक.
"माती, माती, भीज ना."
माती म्हणाली, "नाही भिजत. कोरडी कोरडी कशी भिजू? आधी तांब्या भरू दे, पाणी येऊ दे, मग भिजेन."
ठकी म्हणाली, "बरं! तांब्याकडे जाते. पण ऐकून ठेव.
माती भिजेना,
बारकू वळेना,
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ठकी गेली कोपऱ्यात.
कोपऱ्यात होता माठ. माठाशेजारी तांब्या. कसा बसला होता? उपडा! तोंड खाली, बूड वर.
"तांब्या, तांब्या, भर ना."
तांब्या म्हणाला, "नाही भरत. मला काय हात आहेत? मला काय पाय आहेत? आधी पारूमावशी उठू दे, मला उचलू दे, मग भरेन."
ठकी म्हणाली, "बरं! मावशीकडे जाते. पण ऐकून ठेव.
तांब्या भरेना,
माती भिजेना,
बारकू वळेना,
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

तुरु तुरु, तुरु तुरु. ठकी गेली दाराशी.
दाराशी बसली होती पारूमावशी. मुलांना खिचडी करून घालते ना, ती पारूमावशी. सुपात तांदूळ, मांडी घातलेली. आणि पदर? पदर जमिनीवर. आणि पदरावर? पदरावर बोका!
"मावशी, मावशी, ऊठ ना."
मावशी म्हणाली, "श्शू! नाही उठत बाई. झोपलेल्या जीवाला उठवायचं नाही, असं आहे माझं. आधी बोका हलू दे, पदर सुटू दे, मग उठेन."
ठकी म्हणाली, "बरं! बोक्याकडे जाते. पण ऐकून ठेव.
मावशी उठेना,
तांब्या भरेना,
माती भिजेना,
बारकू वळेना,
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"

बोक्याचं नाव गेंद्या. लठ्ठ लठ्ठ गेंद्या. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
"गेंद्या, गेंद्या, हल ना."
गेंद्यानं एक डोळा उघडला. एकच हं. दुसरा उघडायचाही कंटाळा!
गेंद्या म्हणाला, "नाही हलत."
"मग कधी हलशील? आधी कोण काय करू दे?"
गेंद्या म्हणाला, "कुणी काही करू दे. मी हलणारच नाही. मला कोण हलवणार? तू? एवढीश्शी?"
आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

अस्सं? ठकीला एवढीशी म्हणतो काय!
ठकी लाल झाली. आधीच लाल होती, आणखी लाल झाली. सहाच्या सहा पाय आपटले आणि ओरडली,
"बोका हलेना,
मावशी उठेना,
तांब्या भरेना,
माती भिजेना,
बारकू वळेना,
ताई बघेना,
गोदू देईना,
दाणा मिळेना,
घरची बाळं जेवेनात!
आणि मी? मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही! आता तूच हटशील!"

तुरु तुरु, चढली शेपटीवर. शेपटीच्या अगदी टोकाला गेली. तोंड उघडलं. आणि...
कडाक!
"म्यांऽऽऽव!"
गेंद्या उडाला हातभर! पळाला कुठल्या कुठे!

बोका हलला, पदर सुटला.
पदर सुटला, मावशी उठली.
मावशी उठली, तांब्या भरला. बुडबुड, बुडबुड.
तांब्या भरला, माती भिजली. पच पच, पच पच.
माती भिजली, बारकूनं ट वळला. साप नाही, लाडू नाही, ट!
बारकूनं ट वळला, आणि ताई उठल्या.

ताईंनी बारकूला विचारलं, "हे कुठलं रे?"
"ट!" बारकू म्हणाला. बारकूला फूल.
मग ताई आल्या गोदूकडे. गोदूच्या समोर बसल्या. अगदी समोर. चष्मा नाकावर घेतला. अक्षराकडे बघितलं.
इकडून बघितलं, तिकडून बघितलं.
"गोदू, हे काय गं? रेघ खाली, काठी वर. हे काही अक्षर नाही बाई. मोड बघू. पुन्हा कर."

मोड? अक्षर मोड? आणि दाणा? दाणा जाईल की चिखलात!
गोदूचा ओठ थरथरला. डोळ्यांत पाणी आलं.
तुरु तुरु, तुरु तुरु! ठकी आली पळत. चढली अक्षरावर. दाण्याला मिठी मारली.
"मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!"
गोदूनं बघितलं ठकीकडे. एवढीशी मुंगी. एवढ्या मोठ्या ताई. तरी हटते का? छे!
गोदूनं डोळे पुसले. दोन्ही हात अक्षराभोवती धरले. मोठ्यांदा म्हणाली,
"मी नाही मोडणार. मुळ्ळीच नाही! ताई, तुम्ही तिकडून बघताय. इकडून बघा!"
"म्हणजे गं?"
"तिकडून उलटं दिसतं. इकडे या. माझ्याजवळ बसा."

सगळी मुलं वळून बघू लागली. मावशी वाकून बघू लागली. तांब्यासुद्धा बघू लागला.
ताई उठल्या. फिरून आल्या. गोदूच्या शेजारी, सतरंजीवर बसल्या. चष्मा नीट केला.
गोदूनं बोट फिरवलं. "हा आकडा. ही काठी. ही वरची रेघ. हा ग! गोदूचा ग!"
"अग्गोबाई!" ताई म्हणाल्या. "खरंच की! मीच उलटी बसले होते. चुकलं बाई माझं!"
ताईंनी वही काढली. कानामागचं पेन काढलं. गोदूच्या नावापुढे काढलं फूल. पाच पाकळ्यांचं.

आणि ठकी? ठकी दाण्यापाशी उभी. फूलबील तिला नको होतं.
"गोदू, ताईंनी बघितलं. आता दे."
गोदू म्हणाली, "देते."
नखानं हळूच दाणा काढला. फुंकर मारली. फू! माती उडाली. दाणा केशरी केशरी.
"घे. तुझा होता, तुझाच."

ताई म्हणाल्या, "अगं, भोक पडलं की. दुसरा दाणा लाव तिथं."
गोदू म्हणाली, "नाही लावणार. मुळ्ळीच नाही! ती ठकीची जागा आहे."
मग गोदूचा ग खिडकीत वाळत ठेवला. भोकासकट.

दाणा डोक्यावर, ठकी वाटेवर. तुरु तुरु, तुरु तुरु.
दारात गेंद्या बसला होता. ठकीला बघितलं आणि शेपटी पोटाखाली घेतली.
ठकी घरी पोचली. बाळं धावत आली. दाणा मध्ये ठेवला. सगळी भोवती बसली.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.
दाणा पोटात, गोष्ट ओठात. कुणी म्हटलं "एवढीशी", तर पाय आपटा आणि म्हणा,
मी नाही हटणार. मुळ्ळीच नाही!