दाराबाहेर बसलेला पाहुणा

चीन देशात एका मोठ्या तळ्याच्या काठी लियूतांग नावाचं गाव आहे. तिथल्या बायका ही हकिगत सांगतात, आणि सांगताना आवाज थोडा खाली आणतात, कारण त्यांच्या आयांनी ती तशीच सांगितलेली असते. मीही तशीच सांगतो.

फार वर्षं झाली त्याला. राजधानीत तेव्हा सम्राट होता, पुरुषांच्या पाठीवर लांब वेण्या असायच्या, आणि तळ्याकाठच्या गावागावात रेशीम पिकायचं. रस्ते थोडे आणि कालवे फार. भाजी होडीतून यायची, वैद्य होडीतून यायचा, आणि नवरीसुद्धा होडीतूनच यायची.

अशीच एका होडीतून फान सूयिंग लियूतांगला सून म्हणून आली. पलीकडच्या काठावरच्या एका शाळामास्तरांची ती एकुलती मुलगी. मास्तरांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीलाच चार अक्षरं शिकवायला घेतली आणि मग थांबायचं विसरले. असं म्हणतात की सूयिंग दहा वर्षांची झाली तेव्हा मास्तर अडलेल्या शब्दाचा अर्थ तिला विचारायचे.

ती ज्या घरात आली ते गू कुटुंबाचं. घरात माणसं दोनच. एक तिचा नवरा शुनफा. तो होडी चालवायचा, गावचं रेशीम शहरात पोचवायचा आणि महिन्यातले वीस दिवस पाण्यावर असायचा. दुसरी त्याची आई. गाव तिला गू आजी म्हणायचं. उंच, सडसडीत, कमी बोलणारी बाई. तिच्या हातून निघणारा रेशमाचा धागा तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता जाईल, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सुनेची पेटी उघडली, तर कपड्यांखाली शाईचा दगड आणि दोन कुंचले निघाले.

"हे काय गं?" गू आजीने विचारलं.

"लिहायचं सामान, आई."

"काय लिहितेस?"

"गाणी. गोष्टी."

म्हातारीने शाईचा दगड हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "लिही. पण घरातल्या बाईचे शब्द उंबऱ्याबाहेर जायचे नाहीत. या घरात ते चालत नाही."

"बरं, आई," सूयिंग म्हणाली.

आता तळ्याकाठची एक रीत सांगायला हवी. वसंत सरताना रेशमाचे किडे वाढीला लागतात. त्या महिनाभर गावातली सगळी दारं बंद. प्रत्येक दारावर लाल कागद चिकटवायचा. लाल कागद असलेल्या घरात कुणी परक्याने पाऊल टाकायचं नाही. पाहुण्याने नाही, भिक्षूने नाही, सरकारी शिपायानेही नाही. आत कुणी मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही. किडे तुतीची पानं खातात, त्याचा बारीक पावसासारखा आवाज तेवढा घरभर असतो.

त्या आवाजात सूयिंगने लिहायला सुरुवात केली. किड्यांना पानं घालायची, हात पुसायचे आणि पुढची पानं घालेपर्यंत लिहायचं. तिने एक लांबलचक गोष्ट धरली. लिंगयू नावाची एक मुलगी असते. महापुरात तिची धाकटी बहीण वाहून जाते. लिंगयू वैद्यकी शिकते, पुरुषाचा वेष करते आणि गावोगाव आजारी माणसं बरी करत बहिणीला शोधत हिंडते. सगळी गोष्ट सात-सात अक्षरांच्या ओळींत होती, गाऊन वाचता येईल अशी.

महिना संपला की दारावरचे कागद निघायचे, आणि शेजारच्या बायका गू आजीच्या घरातल्या मागच्या पडवीत रेशीम काढायला जमायच्या. उकळत्या पाण्यात कोष, बोटं भाजलेली, चाकं फिरताहेत. सूयिंगने तिथे पहिला अध्याय वाचला. शब्द उंबऱ्याबाहेर जायचे नव्हते, आणि ते गेलेही नाहीत. बायकाच उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. गू आजी बांबूच्या तट्ट्यापलीकडे आपल्या चाकावर बसलेली असायची. तिने कुणाला अडवलं नाही.

त्यानंतर दर वर्षी दोन अध्याय होऊ लागले. लिंगयू सात प्रांत हिंडली. राजवाड्यात गेली, चोरांच्या तळावर गेली, एका डोंगरात तीन महिने अडकली. टोपल्या विणणारी छियान मावशी दर वर्षी विचारायची, "आता तरी भेटते का गं बहीण?" आणि सूयिंग हसून म्हणायची, "पुढच्या वर्षी, मावशी."

सोळाव्या अध्यायाच्या शेवटी लिंगयू एका होडीत बसली. तळ्याच्या मध्यावर आभाळ काळं झालं, डोलकाठी मोडली, आणि सूयिंगने तिथे अध्याय थांबवला. सगळ्या बायका ओरडल्या, असं कसं थांबवलंस म्हणून. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी."

त्याच शरद ऋतूत शुनफाची होडी तळ्याच्या मध्यावर बुडाली. वादळ आलं, डोलकाठी मोडली. तिसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह काठाला लागला.

सूयिंगने शाईचा दगड धुतला, कुंचले बांधले आणि सगळं पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. गावात कुजबुज झाली. कुणी उघड बोललं नाही, पण ज्यांनी सोळावा अध्याय ऐकला होता त्या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि सूयिंगच्या मनात ती सगळ्यांच्या आधी आली होती. तिने होडी बुडवायला घेतली होती, आणि होडी बुडाली.

सात वर्षं गेली. सासू आणि सून एका घरात राहिल्या, एका ताटलीतलं खाल्लं, एकाच पाण्यातले कोष काढले. शुनफाचं नाव दोघींनी घेतलं नाही. पडवीत बायका यायच्या, चाकं फिरायची, पण वाचन नाही. छियान मावशीनेही विचारायचं सोडलं.

आठव्या वर्षी, रेशमाच्या महिन्यात, दारावर लाल कागद असताना गू आजीने अंथरूण धरलं. वैद्य भिंतीलगतच्या कालव्यातून खिडकीपाशी होडी लावून आला, खिडकीतूनच नाडी बघितली आणि सूयिंगला हळूच म्हणाला, "दहा दिवस. फार तर बारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीने हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. बस."

सूयिंग बसली.

"मी जायच्या आधी एक सांग. ती बहीण सापडली का?"

सूयिंगला आधी कळलंच नाही. "कोण बहीण, आई?"

"लिंगयूची. दुसरी कोण?"

सूयिंग बघतच राहिली. "तुम्ही ऐकत होतात?"

"तट्ट्याला काय कान नसतात?" म्हातारी म्हणाली. "तू वाचायला बसायचीस त्या दिवशी सकाळीच मी माझ्या चाकाला तेल घालून ठेवायची. कुरकुरलं की शब्द बुडायचे."

सूयिंगला ते तेल आठवलं. सोळा अध्याय तिने ते पाहिलं होतं आणि सासूची टापटीप समजून सोडून दिलं होतं. तिने मान खाली घातली.

"मला नाही पुढे लिहिता येत, आई. मी ते वादळ लिहिलं आणि..."

"माहितीये मला." म्हातारीने तिचा हात धरला. म्हातारीचा हात भाजून भाजून लाकडासारखा झाला होता. "तुला वाटतं, तुझ्या कुंचल्याने माझा शुनफा बुडवला. मलाही वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, वर्षभर वाटत होतं. तुझ्या हातचा भात घशाखाली उतरायचा नाही. मग एक दिवस विचार केला, हिच्या लिहिण्याने वारा सुटत असता तर हिने तो लिहिला असता का? जिवापाड प्रेम होतं तुझं त्याच्यावर." तिला धाप लागली. मग ती म्हणाली, "माझा मुलगा गेला. त्याला आता कुणी जिवंत काठाला आणू शकत नाही. पण त्या पोरीला तू सात वर्षं वादळात ठेवलंयस. तिला तरी काठाला लाव."

सूयिंग रडली. सात वर्षांचं रडली. म्हातारीही रडली, आणि शुनफाचं नाव त्या घरात पुन्हा घेतलं गेलं. मग सूयिंग उठली, पेटी उघडली आणि शाई उगाळायला बसली.

इथून पुढची हकिगत कुणी खरी मानतं, कुणी मानत नाही. लियूतांगमध्ये सगळे मानतात.

रोज सकाळी सूयिंग लिहायची आणि दुपारी खिडकीपाशी बसून सासूला वाचून दाखवायची. लिंगयूची होडी फुटली, पण एक फळी तिच्या हाती आली. ती काठाला लागली. तिथे एका कोळ्याच्या घरी तिला बहिणीची खूण कळली. दहा दिवस झाले, बारा झाले. म्हातारी जिवंत होती. महिना संपला, गावातल्या दारांवरचे कागद निघाले, पण गू घराच्या दारावरचा कागद सूयिंगने काढला नाही.

त्या सुमारास छियान मावशीला कालव्याच्या पुलावर एक अनोळखी माणूस दिसला. करडा अंगरखा, कोरड्या दिवसांत काखेला छत्री. सकाळी तो गू घराच्या दाराशी जायचा, लाल कागद बघायचा आणि परत यायचा. दुपारी मात्र दाराच्या पायरीवर येऊन बसायचा, भिंतीला पाठ टेकून. तो कोण, हे कुणी विचारलं नाही. ज्यांनी त्याला जवळून पाहिलं त्यांना विचारायची गरजच पडली नाही, असं म्हणतात. तो ज्या कामाला आला होता ते काम सगळ्यांना ठाऊक होतं. पण लाल कागद असलेल्या घरात परक्याने पाऊल टाकायचं नाही, आणि ती रीत त्यालाही मोडता आली नाही.

एकदा छियान मावशी टोपल्या घेऊन जात होती, तर तो अदबीने उठला. म्हणाला, "मावशी, काल मला दुसऱ्या गावी जावं लागलं. ती कोळ्याच्या घरातून निघाली का?"

मावशीच्या हातून टोपली पडली. पण बाई धीराची, आणि काल ती खिडकीखाली ऐकायला बसली होती. म्हणाली, "निघाली. उत्तरेकडे गेली."

"उपकार झाले," तो म्हणाला आणि परत पायरीवर बसला.

असं एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. दर वसंतात दारावर नवा लाल कागद लागत होता. वैद्य म्हणायचा, माझ्या पुस्तकात हे बसत नाही. तिसऱ्या वर्षी सूयिंग मुद्दामच गोष्ट लांबवू लागली. बहीण समोर दिसली की तिला दुसऱ्या होडीत बसवायची. डोंगर संपला की दुसरा डोंगर उभा करायची. म्हातारी आता काडीसारखी झाली होती. तिला कूस बदलवत नव्हती, पाण्याचा घोट गिळवत नव्हता. पण कान शाबूत होते.

एका दुपारी तिने वाचन मध्येच थांबवलं. "सूनबाई, हा डोंगर मागच्या महिन्यात येऊन गेला."

सूयिंगने कागद मांडीवर ठेवले.

"तू मला धरून ठेवलंयस. कळतंय मला. तू धरलंस म्हणून तीन वर्षं मिळाली, आणि चांगली गेली. पण आता अंग फार दुखतं, पोरी. त्या दोघींची गाठ घाल. मला बघू दे, मग मला सोड."

"तुम्ही गेलात की मी एकटी पडेन, आई."

"अशी कशी एकटी? खिडकीखाली अर्धं गाव बसलंय तुझ्यासाठी."

सूयिंगने खिडकीतून खाली बघितलं. होड्या लावून बायका बसल्या होत्या, मांडीवर पोरं, हातात विणकाम. सगळ्या वर बघत होत्या.

शेवटचा अध्याय लिहायला तिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी, भर दुपारी, तिने तो वाचला. एका बाजारात एक बाई मीठ तोलत असते. लिंगयू तिच्या मनगटाची नाडी बघते आणि चेहऱ्याकडे न बघताच तिला ओळखते. त्या ओळीला म्हातारीने डोळे मिटले आणि म्हणाली, "हां. सापडली."

मग सूयिंग दाराशी गेली आणि स्वतःच्या हाताने दारावरचा लाल कागद काढून दार उघडलं. पायरीवरचा माणूस उठून उभा राहिला. त्याचे डोळे ओले होते, असं म्हणतात. तो कमरेत वाकला, आत येणारा पाहुणा घरच्या माणसापुढे वाकतो तसा. सूयिंग बाजूला झाली. म्हणाली, "सावकाश न्या. त्यांचे गुडघे दुखतात."

पुढे सूयिंग पुष्कळ वर्षं जगली. गावच्या मुलींना तिने अक्षरं शिकवली. शहरातला एक पुस्तकवाला गोष्ट छापायला आला आणि म्हणाला, वर बाईचं नाव नको, एखाद्या पंडिताचं घालू. ती म्हणाली, "घालायचंच असेल तर माझ्या सासूबाईंचं घाला. गोष्ट त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली." पुस्तकवाला निघून गेला. मग मुलींनीच गोष्ट हाताने उतरवून काढली आणि सासरी जाताना एकेक प्रत तळ्यापलीकडे नेली.

लियूतांगमध्ये आजही एखाद्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की घरातलं कुणीतरी दुपारी उशाशी बसून वाचतं. कोणती गोष्ट, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण शेवटचं पान आलं की थांबायचं आणि विचारायचं, "सूयिंगच्या नावाने विचारते, संपवू का?" माणूस नको म्हणाला तर पुस्तक मिटून ठेवायचं, आणि उद्या पुन्हा विचारायचं.

आणि जितके दिवस वाचन चालतं, तितके दिवस त्या घरची माणसं दाराबाहेर एक बाक मांडतात आणि त्यावर रोज दुपारी गरम चहाची एक वाटी ठेवतात. जो बसला असेल, त्याच्यासाठी.