हळदकुंकू लावलेलं यंत्र

एका गावात दातांचा एक दवाखाना होता आणि गावाला त्याचा भारी अभिमान होता. अभिमान का नसावा? दवाखाना कसा लख्ख होता. दारात रोज रांगोळी, चपला बाहेर, आणि पाय नळावर धुतल्याशिवाय आत यायचं नाही. देवळात जाताना पाय धुवायला विसरणारी माणसं इथे विसरत नसत.

डॉक्टर खरवंडीकर स्वभावाने गोड आणि हाताने हलके. ते "आ करा" म्हणाले की घरात बायकोपुढे कधी तोंड न उघडणारेसुद्धा खुर्चीत बसून मोठा आ करायचे.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक यंत्र होतं. दात काढायची हत्यारं त्यात ठेवायची, कडक वाफ द्यायची, म्हणजे एकाच्या रक्तातले जंतू दुसऱ्याला लागत नाहीत. डॉक्टरांनी ते हौसेनं शहरातून आणलं, नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. मग काय, खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झाली. हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. डॉक्टरांची धाकटी बहीण मथुरा गावातच दिलेली होती. तिने लोकरीचं सुंदर झाकण विणून दिलं, भावाच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून. दर दसऱ्याला नवी माळ चढत गेली. येणारा पेशंट आधी यंत्राला नमस्कार करायचा आणि मग खुर्चीत बसायचा.

एकदा जिल्ह्याहून सावळेबाई दवाखान्याची तपासणी करायला आल्या. गावाला वाटलं, तपासणी म्हणजे सत्कारच. शाल, नारळ, वाफाळते पोहे, सगळं तयार. सरपंच तर भाषण पाठ करून आले होते. बाईंनी शाल घेतली नाही की पोह्यांना हात लावला नाही. बाईंना फार तोरा आहे, असं दारात जमलेली मंडळी कुजबुजली. बाईंनी मात्र हात धुतले आणि त्या भिंतीशी उभ्या राहून काम बघू लागल्या.

धोंडूनानांची दाढ नुकतीच निघाली होती. गालात कापूस धरून ते खुर्चीतून उठत होते. पुढचा नंबर इंदूचा. पोटुशी पोर, पहिलटकरीण, दाढदुखीनं अगदी हैराण झालेली. डॉक्टरांनी नानांच्या तोंडातून काढलेला चिमटा आणि छोटा आरसा वाडग्यातल्या कोमट पाण्यात बुडवले, पांढऱ्याशुभ्र फडक्यानं हळुवार पुसून त्यावरच ठेवले आणि इंदूला हाक मारली.

बाईंनी इंदूला हातानेच थांबवलं आणि यंत्र उघडायला सांगितलं.

यंत्राचं झाकण निघेना. वाळलेल्या कुंकवाने त्याची कडी पार चिकटून बसली होती. डॉक्टरांनी जोर लावला तेव्हा कुठे ते उघडलं. आणि आत काय असावं? थर्माकोल! कारखान्यातून आला तसाच्या तसा, न काढलेला. अहो, टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक न काढणारी माणसं आपण, हे मान्य. पण रिमोट कुणी कुणाच्या तोंडात घालत नाही हो!

डॉक्टर अवघडून हसले. यंत्राला वेळ फार लागतो, पेशंट खोळंबतात, आणि एवढी चांगली वस्तू रोज वापरून खराब कशाला करायची, असं काहीबाही सांगू लागले. मग म्हणाले, इतक्या वर्षांत एकाचीही तक्रार नाही, आमची हत्यारं स्वच्छच असतात.

बाईंनी फडक्यावरचा तो आरसा उचलला.

"स्वच्छ आहे ना? मग बसा खुर्चीत, डॉक्टर. आ करा."

डॉक्टर बसले. हसत बसले. पण आरसा ओठांजवळ आला आणि त्यांचं तोंड घट्ट मिटलं. त्यांनी मान मागे घेतली आणि बोलून गेले, "अहो मॅडम, हा आत्ता नानांच्या तोंडातून निघालाय!"

"आणि आता इंदूच्या तोंडात जाणार होता," बाई म्हणाल्या.

इंदूने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने तोंड झाकलं. दारातल्या मंडळींचे हात आपोआप आपापल्या गालांवर गेले, कारण त्या खुर्चीत बसला नाही असा त्यांच्यात कुणी नव्हता. नानांनी गालातला कापूस काढला. "डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "माझ्या आधी खुर्चीत कोण होतं हो?"

बाईंनी त्याच दिवशी दवाखाना बंद केला, इंदूला शहरात मोठ्या इस्पितळात धाडलं आणि गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. इंदू थोडक्यात वाचली. नानांचं रक्तही चांगलं निघालं. पण सगळ्यांचं तसं निघालं नाही. काही जणांना रक्तातून लागणारी कावीळ झाली होती, आणि त्यांत मथुराही होती. ती एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नव्हती. घरचा डॉक्टर असताना कशाला चढेल बिचारी?

डॉक्टर तिला भेटायला गेले. आत न जाता उंबऱ्याशीच बसले. मथुरा रागावली नाही, रडलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने भावाला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं,

"दादा, त्या दिवशी तू तोंड उघडलं नाहीस म्हणे. मग मला का रे 'आ कर' म्हणालास?"

तात्पर्य: जे आपल्या तोंडात घालायची आपली छाती होत नाही, ते दुसऱ्याच्या तोंडात घालू नये, आणि हत्याराची खरी पूजा ते नीट वापरण्यात असते, नुसती माळ घालून कुणाचा जीव वाचत नाही.