रिकामी परत आलेली वाटी

राजवाड्याच्या मागची तांबट आळी पाडायची आणि तिथे मोरांची बाग करायची, असं कुंभेरीच्या जयध्वज राजाने ठरवलं. कारण? तांब्याच्या हंड्यांवर दिवसभर चालणाऱ्या ठोक्यांनी त्याची दुपारची झोप मोडायची!

"बागेने नगराची शोभा वाढेल, महाराज!" कारभारी अप्पाजीपंत म्हणाले. "प्रजेचं राहणीमान उंचावेल!"

ज्यांची घरं जाणार होती ती प्रजा दरबारात खाली मान घालून उभी होती. आळीचे सगळे वडीलधारे आले होते. मोठमोठी पागोटी घालून आले होते. घरून निघताना "आम्ही राजाला ठणकावून सांगू" म्हणाले होते आणि आता एकमेकांना कोपराने ढोसत होते, "तू बोल", "नाही, तू बोल."

शेवटी मल्हारी तांबटाची मुलगी येसू पुढे झाली.

"पोरी, मोठ्यांसमोर बोलू नये!" धोंडूआबांनी दटावलं.

"मोठ्यांनी बोलायला सुरुवात करावी, आबा, मी लगेच गप्प बसते!"

आबा खोकले. पागोटं सारखं करू लागले.

"महाराज," येसू म्हणाली, "बाग बघायला छानच असते. पण आमच्या आळीत घरची चूल पेटली नाही तरी माणूस उपाशी झोपत नाही. तुमच्या बागेत ही सोय होईल का?"

राजा हट्टी होता आणि उलट उत्तराची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "असं? मग उद्या दुपारी मलाच जेवायला वाढ! डावं-उजवं सगळं भरलेलं ताट हवं. पण तुझी चूल पेटवायची नाही. विकत आणायचं नाही. कुणाकडे मागायचं नाही. चोरायचं तर नाहीच! जमलं तर आळी राहील. नाहीतर परवा पहारी घेऊन माणसं येतील."

"ठरलं!" येसू म्हणाली.

घरी परतताना आबांनी कपाळावर हात मारला. "आता मोरांचं खरकटं काढायची वेळ आली!" बाकीच्या वडीलधाऱ्यांनी लगेच माना हलवल्या. माना हलवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

येसूच्या परसात लिंबाचं झाड होतं. सकाळी उठून तिने लिंबं तोडली, बापाने घडवलेल्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत चार-पाच लिंबं घातली आणि घरोघर देऊन आली. "झाडाला खूप लागलीत, म्हटलं तुम्हालाही द्यावी," एवढंच बोलली. पैज काय लागली होती ते तिने कुणाला सांगितलं नाही. वडीलधाऱ्यांनीही सांगितलं नाही. दरबारात तोंड उघडलं नव्हतं हे मग कळलं असतं ना!

दुपारी येसू झाकलेलं ताट घेऊन राजवाड्यात आली. राजाने झाकण उचललं आणि बघतच राहिला. भरलं वांगं, मटकीची उसळ, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर, आमटी, भात, मऊसूत भाकरी आणि वर दुधातल्या शेवया! राजा गुपचूप जेवला. दोनदा बोटं चाटली. मग त्याला आठवलं, की आपण रागावलेलो आहोत.

"कुठून आणलंस हे?"

"आणलं नाही, महाराज, आलं! सकाळी मी शेजाऱ्यांना लिंबं दिली. आणि शेजाऱ्याची वाटी आपल्याकडे कुणी रिकामी परत करत नाही. कोष्ट्यांच्या काकूंनी उसळ घातली, हमीदाबींनी शेवया घातल्या. ज्यांच्या घरी जे शिजलं ते आलं."

"म्हणजे हे मागणंच झालं!" अप्पाजीपंत ओरडले.

"मी दिलं, पंत. मागितलं कुठे?"

"मग सौदा झाला! लिंबं देऊन विकत घेतलंस!"

"चार लिंबांना वाटीभर शेवया? पंत, असला सौदा कुठल्या बाजारात होतो ते मलाही सांगा, मी रोज जाईन!"

दरबारात हशा उसळला. इतक्यात राजाचं लक्ष ताटाच्या कडेला गेलं. तिथे एक वाटी रिकामीच होती. घासूनपुसून लखलखीत केलेली.

"ही का रिकामी? कुणी घातलं नाही काही?"

"नाही, महाराज. एकाच घरून अशी आली."

"कोण हा करंटा?"

"शेजारीच आहेत आमचे. मोठं घर आहे. लिंबांचं सरबत केलं म्हणे सकाळी."

राजाचा चेहरा पडला. सकाळचं सरबत त्याला फार आवडलं होतं! त्याने पंतांकडे पाहिलं. पंत छताकडे पाहू लागले.

"आता आळी पाडा हवं तर," येसू म्हणाली. "मग शेजाराला मोरच राहतील. त्यांना वाटी पाठवून बघा, महाराज. ते पिसारा दाखवतील, शेवया नाही पाठवणार!"

मग राजा हसला. असा हसला, की पगडी डोळ्यांवर आली.

"हरलो बुवा! आळी राहील, ठोकेही राहतील. झोपेन मी कानात कापूस घालून! आता सांग, या वाटीत काय घालू? मोती? माणकं?"

"महाराज," येसू म्हणाली, "शेजाऱ्याने वाटीत जे घातलं ते घ्यायचं, मागायचं नसतं!"

राजा पुन्हा खो खो हसला. तांबट आळीकडे उघडणारं राजवाड्याचं मागचं दार त्याच्या आज्ञेने कित्येक वर्षं बंद होतं. त्याची किल्ली मागवून त्याने वाटीत ठेवली आणि म्हणाला, "आजपासून हे दार तुझ्या हाती. आणि लिंबं आली, की आमच्याही मुदपाकखान्यातून वाटी भरून जाईल!"

मग त्याने वाटी अप्पाजीपंतांच्या हातात दिली. "जा, आळीत पोचवून या. मागच्या दाराने जा. आणि पंत, धोंडूआबा भेटले तर त्यांना सांगा, आता बोललात तरी चालेल!"