उभा काटा

"मग हा काटा काय खोटं बोलतो, उस्ताद?"

गार्गीच्या आवाजात जरा तोरा होताच. आजेसासऱ्यांच्या जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर कधीचं पडलं होतं. इंजिन तापलं की काटा आठाच्या वर सरकायला तयार नव्हता. शेवटी आठवड्यापूर्वी तिनंच हात घातला. काट्याकडे जाणारी बारीक नळी सांध्याशी पाझरत होती, तिला सढळ हातानं गळती बुजवायची पेस्ट फासली. काटा चाळिसावर जाऊन उभा राहिला.

उद्या लेकीला, चिमुकल्या रेवाला, मागे बसवून आंबोलीचा घाट उतरायचा होता. ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या शमशुद्दीन उस्तादांनी एकदा 'जा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

उस्तादांनी काट्याकडे पाहिलंच नाही.

"इंजिन बंद कर."

तिनं बंद केलं. गॅरेजच्या शेडमध्ये एकदम शांत झालं.

काटा चाळिसावरच.

दोघं थांबली... निवणारा पत्रा कुठेतरी कटकन वाजला. काटा हलला नाही.



"उस्ताद... इंजिन बंद आहे."

"हो."

"मग हा कुणाचं प्रेशर दाखवतोय?"

"नळी सोडव, पोरी."

तिनं नट सैल केला. फुस्सकन आवाज झाला, तेलाचा एक काळा थेंब मनगटावर पडला, आणि काटा शून्यावर कोसळला.

नळीच्या तोंडात पेस्ट वाळून बूच बसलं होतं. पेस्ट लावली त्या दिवशी थंड इंजिनात, तेल घट्ट असताना, क्षणभर चढलेलं प्रेशर आतच कोंडून राहिलेलं. त्याच्या भरवशावर ती आठवडाभर रेवाला बालवाडीत सोडत होती.

"मी बघत होते हो. प्रत्येक सिग्नलला बघत होते."

"आणि?"

"...बरं वाटायचं."

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडून नळी साफ करून घेतली, बसवून घेतली.

"लाव."

इंजिन सुरू झालं, तापलं. काटा आठाशी आला आणि तिथे थरथरत राहिला. इंजिनच्या पोटातून तेल कमी पोचत असल्याचा एक बारीक ठोका येत होता. आठवडाभर येतच असणार.

गार्गीनं मागचं दार उघडलं, रेवाची उशी काढून काखेत धरली.

"उद्या नाही नेत. भीती वाटते मला."

उस्तादांनी तेव्हा पहिल्यांदा त्या थरथरत्या काट्याकडे पाहिलं.

"त्यालाही वाटते," ते म्हणाले. "आता विसंब त्याच्यावर."