कसबी माणूस

कागद कारखाना बंद पडल्यापासून वैजयंताने शिवण, संगणक आणि आता वायरिंग अशी तीन सरकारी प्रशिक्षणं पुरी केली, पण काम कुठेच लागलं नाही. प्रमाणपत्रं वाटायला आलेले मोठे साहेब व्यासपीठावरून गरजले, "काम भरपूर आहे! तुमच्या हातात कसब नाही, म्हणून घरी बसता."

वैजयंता उभी राहिली. "साहेब, आम्हाला वायरिंग शिकवणारे बनसोड सर कसे आहेत?"

"जिल्ह्यात त्यांच्या तोडीचा माणूस नाही!"

"त्यांचं कंत्राट काल संपलं. आज सकाळी बेकरीच्या वर्गाचा अर्ज घेऊन ते रांगेत माझ्यापुढे उभे होते. त्यांच्या हातात काय कमी आहे, तेवढं सांगा."

साहेबांनी माइक खाली ठेवला. भिंतीशी उभे असलेले सर मान खाली घालून निघून गेले. वैजयंताला जिंकल्याची लाज वाटली.